धुराड्यावरचा डबा

आकाराम पैलवान उठल्याशिवाय शालूबाईची गिरण उठत नसे.

पैलवान तालमीत जोर काढायचा, म्हशीचं धारोष्ण दूध घशाखाली ओतायचा, पारावर चार माणसांत बसून कालच्या कुस्तीचा निकाल आज परत लावायचा, आणि मग डुलत डुलत गिरणीकडं निघायचा. तोवर शालूबाई दारात उभी. तिच्यामागं बायकांची रांग. कुणाच्या डोक्यावर पाटी, कुणाच्या कमरेला डबा. आणि आत इंजिन गार पडलेलं.

"आलं का गं पैलवान?" रांगेच्या शेवटाला बनाबाई म्हातारी उभी असायची. तिला लांबचं दिसत नव्हतं. ती रोज विचारायची.

"येतील की आज्जी," शालूबाई रोज सांगायची. तिला तरी दुसरं काय ठाऊक असणार?

बाकी गिरणीतलं कुठलं काम तिला येत नव्हतं म्हणावं? दगड बोथट झाला की छिन्नी-हातोडी घेऊन ती टाकी लावायची. पट्टा सैल पडला तर ओढून घ्यायची. पीठ दोन बोटांत चोळून दगड किती आवळायचा ते तिला कळायचं. डिझेल, ऑइल, इंजिन गार राहावं म्हणून शेजारी ठेवलेलं पाण्याचं पिंप, सगळं तिच्याच हातचं. अडायचं ते एका हँडेलपाशी. इंजिनचं ते धूड जुन्या घडणीचं, दोन बाजूंना दोन जड चाकं असलेलं. एका हातानं हवेची कळ दाबून धरायची, दुसऱ्या हातानं हँडेल फिरवून चाकाला वेग द्यायचा, वेग आला की कळ सोडायची आणि त्याच क्षणी हँडेल उपसून घ्यायचं. उपसायला उशीर झाला की इंजिन उलटं फिरून दणका देणार. गावातल्या एकदोघांचे दात त्या दणक्यानं पडले होते आणि ते अजून कौतुकानं दाखवायचे.

आधी तिचा नवरा ज्ञानू हे काम खेळ खेळल्यागत करायचा. मग एका पावसाळ्यात ओल्या सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली आणि बाहीबरोबर उजवा हात कोपरापासून गेला. आता तो दाराशेजारी पोत्यावर बसायचा, डाव्या हातानं दळणाच्या पाट्या पुढंमागं सरकवायचा.

पैलवान आला की आधी ज्ञानूची चेष्टा व्हायची. "ज्ञानूदा, वैनीस्नी खायाला घालत न्हाईस व्हय रं? एक हँडेल हलंना त्यांच्यानं!"

ज्ञानू हसायचा. त्याचं ते हसणं शालूबाईला पैलवानाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. मग पैलवान तळहातावर थुंकायचा, दोन गिरक्या द्यायचा, आणि धुराड्याच्या तोंडावर टांगलेला पत्र्याचा डबा पुकपुक, पुकपुक करून वाजायला लागायचा. गिरण चालू झाल्याची ती दवंडी. डबा वाजला की गावातल्या बायका दाणे पाखडायला घ्यायच्या.

दुपारी दळण संपायचं. कुणीही शहाण्यानं इंजिन बंद केलं असतं. शालूबाई करायची नाही. बंद केलं तर संध्याकाळी परत पैलवानाला हाक मारायची, परत दारात उभं राहायचं. त्यापेक्षा रिकामं चाललेलं बरं. डिझेल जळायचं, पिंपातलं पाणी तापून उतरायचं, आणि ती आडावरून घागरी आणून ओतत राहायची. लोक तिला खुळी म्हणायचे. म्हणोत.

त्या साली पावसानं दगा दिला होता. कागलच्या या अंगाला ज्वारी वाळूनच गेली. रेशनवर मिलो यायचा, परदेशी तांबडी ज्वारी, बोराच्या बियांसारखी टणक. दगडाची धार तो चार दिवसांत खायचा. वरच्या आळीला गणपतरावांची दुसरी गिरण होती. त्यांनी फाल्गुनातच गिरणीला कुलूप घातलं, इंजिन गाडीत चढवलं आणि मळ्यातल्या विहिरीवर नेऊन बसवलं. गिरणीच्या खोलीत खताची पोती भरली. गावानं तोंड भरून वाहवा केली. माणूस असावा तर असा, वेळ ओळखणारा, असं पारावर ठरलं.

वरच्या आळीच्या बायकाही मग खाली यायला लागल्या. शालूबाईची रांग लांबली. तिला वाटलं, आपलं बरं चाललंय. पण पारावर तिच्याबद्दल जे ठरलं ते निराळं होतं. गणपतरावांसारख्या गड्याला जे पेललं नाही ते ही बाई कशाला ओढत बसलीय, असं.

एका संध्याकाळी तिचा दीर बाळासो आला. तो वाईट माणूस नव्हता. वेगळं राहायचा, पण भावाचा हात गेला तेव्हा दवाखान्यात आठ दिवस उशाशी बसला होता. त्याचा एक बैल गेल्या महिन्यात बसला तो उठलाच नाही, आणि ओढ्याकाठचा ऊस विहिरीत पाणी असून वाळत होता. तो उंबऱ्यावर टेकला, पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"दादा, हिरीत पुरुसभर पानी हाय अजून. मोट वडायला बैल न्हाय. इंजान आपल्या आबांनी दोगांच्या नावानं घेतलंतं. हिरीवर नेऊया. ऊस जगंल, तुझा बी वाटा हायच की त्यात."

ज्ञानू खाली बघून पोत्याचा धागा उसवत राहिला. उत्तर शालूबाईनं दिलं. "आनि गिरण वो भावजी?"

"गिरण काय पळून चाललीया? गणपतरावांनी बंद केली न्हवं? शाना मानूस त्यो."

"त्यांचा चार एकर मळा हाय. त्यांनी बंद केली तर त्यास्नी सोय झाली. आमी बंद केली तर चूल बंद हुती. उसाचा पैसा पुढल्या साली. तवर हे काय खात्यात? डाव्या हातानं ह्यास्नी कोन कामाला घेतंय?"

"वैनी, पर चालवायची कुनाच्या जिवावर? रोज पैलवानाच्या दारात जायाचं. लोक हसत्यात. मला बोलत्यात, भावाची बायकू अशी उभी करतोस व्हय म्हनून."

"हसू द्यात."

"तुमाला हसू द्यात. आमाला गावात वावरायचं असतंय."

आत चुलीवर भाकरी करपल्याचा वास आला तरी कुणी उठलं नाही. शेवटी बाळासोच म्हणाला, "बरं, असं करूया. उद्याच्याला सोडून परवा आमी जोतिबाला निघतोय काठी घेऊन. यात्रा करून चार दिसांनी येतो. तवर गिरण एक दिवस बी बंद पडली न्हाय, आलो आनि डबा वाजताना ऐकला, तर पुढल्या पाडव्यापतुर मी इंजानाचं नाव काढनार न्हाय. पर मधी एक दिवस जरी डबा गप बसला, तर मी गाडी घेऊन येनार. चालंल?"

"चालंल," शालूबाई पटकन म्हणाली. चार दिवसांची काय कथा? ज्ञानूचा हात गेल्यापासून तीन वर्षांत पाटीभर पिठाची खोटी झाली नव्हती.

बाळासो गेल्यावर ज्ञानूनं विचारलं, "व्हय म्हनालीस खरं. काठी कोन उचलतंय ठावं हाय न्हवं?"

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. गावची सासनकाठी म्हणजे चांगली उंच वेळूची काठी. ती तोल सांभाळत जोतिबाच्या डोंगरावर न्यायची. ती पैलवान नाही तर कोण उचलणार? आणि एकटा पैलवान कशाला, गावातला हातापायानं धड असा प्रत्येक गडी काठीमागं जायचा. मागं राहायची ती म्हातारी, आजारी आणि बायका.

दुसऱ्या दिवशी ती पैलवानाच्या घरी गेली. पैलवानाची बायको तानाबाई अंगणात पोळ्यांसाठी गहू निवडत होती. गिरणीच्या रांगेत दोघींचं चांगलं जमायचं.

"पैलवान, ह्या खेपंला ऱ्हावा की मागं. एवढी खेप."

पैलवान खो खो हसला. "वैनी, देवाची काठी सोडून तुमचं हँडेल मारत बसू? देव इचारंल न्हवं मला."

"म्या शिकते ह्ये मारत्यात तसं," तानाबाई मध्येच म्हणाली. "दोगी मिळून मारू. म्या ऱ्हाते घरी."

"तुझा नवस कोन फेडनार? तुझा बा?" पैलवानाचा आवाज चढला. "आनि पैलवानाची बायकू इंजानाला झोंबायला लागली तर तालमीत मला तोंड दाखवाय जागा ऱ्हाईल का?"

तानाबाईनं मान खाली घातली आणि गव्हातला खडा शोधायला लागली. शालूबाई घरी परतली. वाटेत तिला कुणाचाच राग धड धरता येईना.

त्याच दुपारी रांग संपल्यावर तिनं इंजिन बंद केलं, गिरणीचं दार आतून लावलं आणि पदर खोचला.

"तुमी कळ धरा. म्या फिरवते."

"नगं शालू. दनका देतंय ते."

"धरा म्हनते न्हवं."

ज्ञानूनं डाव्या हातानं कळ दाबली. तिनं हँडेलाला दोन्ही हात घातले. पहिली फेरी अर्ध्यावरच अडली. दुसऱ्यांदा सगळं अंग टाकून ओढलं तर चाक हललं, वर गेलं, खाली आलं. तिच्या कानांत रक्त धावायला लागलं. तीन फेऱ्या, चार, चाक आता आपल्या अंगच्या वजनानं फिरतंय असं तिला जाणवलं आणि ती ओरडली, "सोडा!"

ज्ञानूनं कळ सोडली. इंजिननं एकदा पुक केलं. डबा एकदाच वाजला आणि त्या आवाजानं तिला एवढा आनंद झाला की हँडेल उपसायचं तिच्या हातून राहून गेलं. चाक उलटं फिरलं. हँडेल तिच्या उजव्या मनगटावर बसलं आणि ती भिंतीशी जाऊन आदळली.

ज्ञानू तिच्याजवळ बसला. तिचं मनगट डाव्या हातात धरून तो लहान पोरासारखा रडायला लागला. "माजा गेला तो गेलाच, आता तुजा बी घालीवतीस व्हय?"

"वाजला हुता की वो," ती म्हणाली. "ऐकलं न्हवं तुमी?"

मनगट मोडलं नव्हतं, पण सुजून टम्म झालं. हळद आणि चुना लावून तिनं त्यावर फडकं गुंडाळलं. रांगेतल्या बायकांनी ते फडकं बघितलं आणि मग इंजिनकडं अशा बघायला लागल्या की त्यांच्यातली कुणी हँडेलाला हात लावील, ही आशाही गेली.

मग तिनं ठरवलं, इंजिन बंदच करायचं नाही. पैलवान निघायच्या आधी सुरू करून जाईल. तो परत येईपर्यंत ते चालतं ठेवायचं, रात्रंदिवस. इंजिनला काय झोप लागते? डिझेल पोटात, ऑइल अंगात आणि पाणी पिंपात असलं म्हणजे झालं. ज्ञानूनं ऐकलं, विचार केला आणि मान डोलावली. दोघांनी आळीपाळीनं बसायचं.

काठी निघाली त्या सकाळी पैलवान अंघोळ करून, अनवाणी, कपाळाला गुलाल लावून घाईघाईत आला. चेष्टा करायलाही त्याला सवड नव्हती. दोन गिरक्यांत त्यानं इंजिन सुरू केलं आणि "चांगभलं" म्हणत वळला. हलगी वाजत गावाबाहेर गेली. बायका वेशीपर्यंत जाऊन परतल्या. सगळा गाव गप्प झाला आणि त्यात एकटा डबा वाजत राहिला.

पहिला दिवस गेला. पहिली रात्रही गेली. म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, झोप नाही म्हणाले, पण सकाळी त्यांच्याच सुना दळण घेऊन आल्या. शालूबाई डाव्या हातानं दाणे ओतायची, सुजलेला हात छातीशी धरून ठेवायची. डोळे चुरचुरत होते, पण ती खुशीत होती. "आता दोन दिस," ती ज्ञानूला म्हणाली. "पाडव्यापतुर मग कोन इचारतंय?" ज्ञानूही हसला आणि या वेळचं त्याचं हसणं तिला लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं की गिरणीचा पत्रा तडतडायला लागला. पिंपातलं पाणी वाफाळत होतं आणि बघता बघता वीतभर उतरलं. शालूबाई घागर घेऊन आडावर गेली. आडात गडगडा फिरवला तर पोहऱ्यात चिखल. पाझर भरायची वाट बघत सगळ्याजणी कठड्याला टेकून बसल्या होत्या.

"बस की शालूबाई. भरंल घटकाभरानं," एकजण म्हणाली.

बसायला तिला वेळ कुठला? घागर कमरेला मारून ती ओढ्याकाठच्या विहिरीकडं निघाली, त्याच विहिरीकडं, जिच्यावर बाळासोला इंजिन बसवायचं होतं. वाट लांब. पाय भाजत होते. डबा मात्र मागं वाजत होता, आणि तो ऐकू येतोय तोवर सगळं ठीक आहे असं समजून ती चालत राहिली. विहिरीत उतरली, निळंशार पाणी, त्यात घागर बुडवली. एका हातानं भरलेली घागर वर आणताना पायरीवर दोनदा बसली. वर येऊन बघते तर उसाची पानं पिवळी पडून करकरत होती. बाळासोचं काही खोटं नव्हतं, असं तिच्या मनात आलं.

इकडं ज्ञानू इंजिनजवळ बसला होता. पिंपाच्या तळाशी पाणी खदखदत होतं. इंजिनच्या अंगातून करपल्यासारखा वास यायला लागला. घरात होतं नव्हतं ते पाणी, देवघरातला तांब्यासुद्धा, त्यानं आणून ओतलं. ते चर्र करून वाफ झालं. त्याला कळत होतं, आता बंद करायला पाहिजे. दाबली की इंजिन थांबणार त्या कळेवर त्यानं हातही ठेवला. पण बंद केलं म्हणजे डबा गप्प बसणार, आणि परत सुरू करायला गावात हात नाही. आलीच असेल, ओढा ओलांडला असेल, अजून थोडं, असं म्हणत तो कळेवर हात ठेवून तसाच बसला.

शालूबाई वेशीत आली आणि डब्याचा आवाज बदललेला तिला ऐकू आला. पुक, मग थांबून पुक. ती पळायला लागली. घागर हिंदकळून अंगावर सांडत होती. ती मारुतीच्या देवळापाशी असताना डबा थांबला.

ती आत आली. निळसर धूर होता आणि ज्ञानू कळेवर हात ठेवून बसलेला. घागरीत उरलेलं पाणी तिनं पिंपात ओतलं. आता त्याचा काय उपयोग, हे तिला ठाऊक होतं, तरी ओतलं.

"हात गेलता गं बंद कराय," ज्ञानू म्हणाला. "दाबलंच न्हाय माज्यानं."

त्याच्या जागी ती असती तर तिनंही दाबलं नसतं. दोघं जमिनीवर बसून राहिली, इंजिन कडकड करत गार होत होतं. गार झाल्यावर तिनं डाव्या हातानं चाक हलवून बघितलं. केसभर हललं नाही. पोटातला पिस्टन तापून अडकून बसला होता.

त्या संध्याकाळी आणि तिसऱ्या दिवशी बायका आल्या आणि दारातून परत गेल्या. काय झालंय ते शालूबाईनं कुणाला सांगितलं नाही. "पैलवान आल्यावर बघू," एवढंच म्हणायची. का म्हणत होती कोण जाणे. कदाचित आपल्याला जे हलत नाही ते गड्याला हलतं, हे ऐकून ऐकून तिलाही खरं वाटायला लागलं असेल.

चौथ्या दिवशी सकाळी काठी गावात आली. सगळी माणसं गुलालानं न्हालेली. तानाबाई पुढं पळत घरी गेली होती, गिरण बंद असल्याचं तिला शेजारणीकडून कळलं होतं, आणि तिनंच नवऱ्याला पिटाळलं असणार. कारण पैलवान तालमीकडं वळला नाही, पारावर टेकला नाही. बोलावणं नसताना, तडक गिरणीत आला. पाठोपाठ बाळासो.

दारात परत रांग लागली होती. दोन दिवसांचं दळण तुंबलेलं.

"चांगभलं वैनी!" पैलवान गरजला. "बगा, न बोलवता आलो. देवानं सांगितलं, जा म्हनं, वैनी वाट बगत्यात." त्यानं खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला, तळहातावर थुंकला आणि हँडेल धरलं.

हँडेल हललं नाही.

त्यानं पाय रोवले, परत ओढलं. मानेच्या शिरा वर आल्या. कपाळावरचा गुलाल घामानं ओघळून डोळ्यांत गेला. ज्ञानू जमिनीकडं बघत होता. बाळासोनं इंजिनच्या अंगावरचा काळा डाग बघितला, पिंपात वाकून बघितलं, आणि सगळं समजून तो मटकन पोत्यावर बसला.

"वैनी, वो वैनी," तो म्हणाला. रागावायचंही त्याच्या अंगात राहिलं नव्हतं. "गिरनीला न्हाय, हिरीला न्हाय. कुनालाच ठेवलं न्हाईसा की वो."

"वडा पैलवान," शालूबाई म्हणाली. "अजून एकदा वडा."

पैलवानानं अजून एकदा ओढलं. मग हँडेल सोडून तो बाजूला झाला आणि त्या मोठ्या देहाला कुठं उभं राहावं ते कळेना. हँडेलाच्या मुठीवर त्याच्या पंजाचा गुलाल चिकटला होता.

"ह्याला पैलवान उपेगाचा न्हाय, वैनी," तो हळू आवाजात म्हणाला.

तानाबाई पाटी डोक्यावर घेऊन दारात उभी होती. ती तशीच उभी राहिली. तिच्यामागच्या बायकाही हलल्या नाहीत. परत जायचं कसं आणि कुठं, हे एकीलाही सुचत नव्हतं.

रांगेच्या शेवटाहून बनाबाई म्हातारीनं विचारलं, "आलं का गं पैलवान?"

"आलं की आज्जी," शालूबाई म्हणाली. "आलं."

म्हातारीनं बरं म्हणून पाटी डोक्यावरून उतरवली आणि डबा वाजायची वाट बघत भिंतीला टेकली.